या चुका टाळा: अवकाश दुर्बिणीचा डेटा हाताळताना

सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर या भागांतील एमएस्सीचे विद्यार्थी प्रकल्पासाठी अवकाश दुर्बिणींचा डेटा घेऊ लागले आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. ॲस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश दुर्बिणीचा डेटा इस्रोच्या विदाकेंद्रातून आणि हबलचा डेटा तिच्या संग्रहातून विनामूल्य उतरवून घेता येतो. त्यासाठी डोंगरावरची वेधशाळा लागत नाही आणि पावसाळा संपण्याची वाटही पाहावी लागत नाही. मात्र प्रकल्प सादर करण्याची तारीख तोंडावर आली की मंडळी त्याच त्या चुका घेऊन दारात उभी राहतात, आणि त्या वेळी सांगण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच समजूत असते, ती म्हणजे फाइलमधला आकडा हा आकाशातला आकडा आहे. प्रत्यक्षात त्या आकड्यात तारा, आरसा, फिल्टर, डिटेक्टर, उपग्रहाची कक्षा आणि त्या दिवशीची डिटेक्टरची अवस्था हे सारे मिसळलेले असते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीतल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्या फुटांना अर्थ येतो तो मोजपट्टीचा शून्य कोठे धरायचा हे पक्के ठरलेले असल्यामुळे. दुर्बिणीचा शून्य मात्र हळूहळू सरकत असतो, आणि तो किती सरकला हे पुन्हा पुन्हा मोजत राहण्याच्या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात.

ताऱ्याचा नव्हे, उपग्रहाचा कालावधी

ही माझी सर्वात नावडती चूक आहे. काही वर्षांपूर्वी एक अभ्यासू विद्यार्थिनी ॲस्ट्रोसॅटच्या सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोपचा, म्हणजे एसएक्सटीचा, डेटा घेऊन आली. एका क्ष-किरण द्वैती ताऱ्याच्या (क्ष-किरण सोडणाऱ्या, एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोडीच्या) प्रकाशवक्रात, म्हणजे वेळेनुसार तेज दाखवणाऱ्या आलेखात, तिला ५,८६० सेकंदांचा स्वच्छ, टोकदार कालावधी मिळाला होता, कालावधी शोधण्याच्या आलेखात त्याच्या निम्म्यावर दुसरे लहान शिखरही दिसत होते आणि या शोधाचे पोस्टर छापूनही झाले होते. मार्गदर्शकांनी शाबासकी दिली होती. पोस्टरवरच्या आलेखात ते शिखर इतके देखणे होते की त्यावर शंका घेण्याची कोणाची इच्छाच झाली नसावी.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेला ॲस्ट्रोसॅट जमिनीपासून सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून फिरतो, आणि त्या उंचीवर एका प्रदक्षिणेला सुमारे ९८ मिनिटे लागतात. सेकंदांत सांगायचे तर ५,८६० च्या आसपास. प्रत्येक फेरीत काही काळ पृथ्वी मध्ये येते आणि लक्ष्य झाकले जाते. त्याआधी आणि नंतर दुर्बीण पृथ्वीच्या उजळ कडेच्या जवळून पाहत असते, त्यामुळे कमी ऊर्जेच्या भागात विखुरलेला प्रकाश शिरतो. शिवाय कक्षेतल्या जागेनुसार विद्युतभारित कणांची पार्श्वभूमीही कमीजास्त होते. ही तिन्ही कारणे दर फेरीला त्याच क्रमाने येतात आणि गणित त्यांना इमानेइतबारे कालावधी म्हणून शोधून देते. या प्रकरणात तर निरीक्षणाचा एकूण वेळ वाढावा म्हणून उजळ पृथ्वीपासूनच्या कोनाची अट मुद्दाम सैल केलेली होती. जास्त डेटा म्हणजे चांगला डेटा असे मानणारे दरवर्षी भेटतात. त्यांना एवढेच सांगतो की गाळून टाकलेला वेळ कोणीतरी विचार करूनच गाळलेला असतो.

तिला दोन गोष्टी करायला सांगितल्या. पहिली, त्याच प्रतिमेत जिथे कोणताही स्रोत नाही असा कोपरा निवडून त्याचा प्रकाशवक्र काढणे. तिथेही तेच शिखर आले. दुसरी, मूळ निरीक्षणाच्या वेळा तशाच ठेवून प्रत्येक वेळेपुढे एकच स्थिर आकडा लिहिणे आणि त्यावर तेच गणित चालवणे. तारा नाही, फोटॉन नाहीत, तरीही ५,८६० सेकंद हजर! पोस्टर गुंडाळून ठेवावे लागले.

तेव्हापासून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ९८ मिनिटे, ४९ मिनिटे आणि २४ तास असे तीन आकडे लिहिलेले असतात. यांपैकी एखाद्याच्या जवळचा कालावधी दिसला की तो उपग्रहाचा आहे असे गृहीत धरायचे आणि ताऱ्याचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर घ्यायची. दर फेरीतील पृथ्वीचा कोन, कणांच्या मोजणीचा दर, दक्षिण अटलांटिकच्या वरचा कणबहुल पट्टा ओलांडल्याची नोंद हे सगळे एमकेएफ नावाच्या फाइलमध्ये दिलेले असते. ती उघडून पाहिल्याशिवाय मी प्रकाशवक्राकडे बघतच नाही. ॲस्ट्रोसॅटच्या कक्षेचा कल विषुववृत्ताशी जेमतेम ६ अंशांचा ठेवला, तो याच पट्ट्याच्या दाट भागापासून दूर राहावे म्हणून. कल सुमारे २८.५ अंश असलेल्या हबलला त्याचा बराच जास्त त्रास होतो आणि तेवढा वेळ तिची निरीक्षणे थांबवावी लागतात.

येथे दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. दीड तासाच्या आसपास कालावधी असलेले श्वेत बटूंचे द्वैती तारे खरोखरच आहेत, आणि केवळ आकडा जुळतो म्हणून ते फेकून देणेही चूकच. अशा वेळी वेगळ्या कक्षेतला साक्षीदार शोधावा. हबल चालणार नाही, कारण तिची फेरीही सुमारे ९५ मिनिटांचीच आहे. चंद्रा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीची कक्षा लांबट आहे आणि एका फेरीला तिला सुमारे ६४ तास लागतात. तिच्या डेटात तोच कालावधी दिसला तर मग खुशाल पोस्टर छापावे.

तेजस्वी तारा फिका दिसतो तेव्हा

ॲस्ट्रोसॅटवरील यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीत फोटॉन एकेक करून मोजले जातात. पूर्ण क्षेत्र वापरल्यास डिटेक्टर सेकंदाला सुमारे २९ फ्रेम टिपतो आणि प्रत्येक फ्रेममधल्या ठिपक्याचा मध्य शोधून फोटॉनची जागा ठरवली जाते. अडचण अशी की एकाच फ्रेममध्ये एकाच जागी दोन फोटॉन पडले, तर मोजणीत एकच धरला जातो. मंद ताऱ्यांच्या बाबतीत असे क्वचित घडते. तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत सतत घडते.

समजा एका ताऱ्याचा मोजलेला दर सेकंदाला १२ फोटॉन आहे. म्हणजे प्रत्येक फ्रेममागे सुमारे ०.४१. याचा अर्थ शेकडा ५९ फ्रेम रिकाम्या गेल्या, आणि यादृच्छिक घटनांच्या पॉइसाँच्या नियमाने एवढ्या फ्रेम रिकाम्या जायच्या तर फ्रेममागे सरासरी ०.५३ फोटॉन यायला हवेत. यूव्हीआयटीच्या चमूने प्रत्यक्ष मोजमापांवरून बसवलेले सूत्र लावले की हा आकडा किंचित उतरून ०.५२ होतो, म्हणजे खरा दर सेकंदाला १५. १२ आणि १५ मधला फरक प्रतीच्या (ताऱ्याचे तेज मोजण्याच्या एककाच्या) भाषेत सुमारे पाव प्रत भरतो, आणि तारकागुच्छाच्या अभ्यासात पाव प्रतीने बराच गोंधळ होतो. एका विद्यार्थ्याच्या आलेखात गुच्छातले सर्वात उष्ण तारे ओळीने खाली वाकलेले होते आणि त्या वाकण्यावर ताऱ्यांच्या उत्क्रांतीचे दीड पान लिहिलेले होते. भाषा छान होती, परंतु दुरुस्ती लावताच आलेख सरळ झाला.

माझी सवय अशी आहे की ताऱ्यांच्या यादीत प्रतीच्या आधी फ्रेममागील मोजणीचा रकाना करायचा. ०.१ च्या वर गेलेल्या प्रत्येक ताऱ्याला दुरुस्ती लावायची, आणि ०.६ च्या वर गेलेला तारा कितीही आवडता असला तरी यादीतून काढायचा, कारण सूत्राची मजल तेवढीच आहे. क्षेत्र लहान करून निरीक्षण घेतले असल्यास फ्रेमचा वेग कितीतरी पटींनी वाढतो आणि वरचा हिशेब बदलतो, म्हणून हेडरमध्ये (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत) खिडकीचा, म्हणजे वापरलेल्या क्षेत्राचा, आकार आधी पाहावा. आणि एक सांगून ठेवतो: यूव्हीआयटीचा जवळच्या अतिनील किरणांचा भाग मार्च २०१८ पासून बंद आहे. त्यानंतरच्या निरीक्षणात त्या भागाची प्रतिमा ‘सापडत नाही’ अशी तक्रार कृपया करू नये.

सीनियरचा पेनड्राइव्ह

आपल्याकडे प्रोग्रॅम, कॅलिब्रेशनच्या फाइल्स आणि कधीकधी अर्धवट प्रक्रिया झालेला डेटासुद्धा एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे पेनड्राइव्हवरून जातो. प्रोग्रॅम जावा, हरकत नाही. कॅलिब्रेशनच्या फाइल्स मात्र अशा वारसाहक्काने घेऊ नयेत, कारण उपकरण दरम्यानच्या काळात बदललेले असते. हबलच्या डब्ल्यूएफसी-३ या कॅमेऱ्याचा सीसीडी (प्रकाश टिपणारी चिप) उणे ८३ अंश सेल्सिअसला चालतो. अवकाशातील कणांच्या माऱ्याने त्यात रोज नवे उष्ण पिक्सेल, म्हणजे प्रकाश नसतानाही उजळ दिसणारे बिंदू, तयार होतात, आणि महिन्यातून साधारण एकदा डिटेक्टर २० अंशांपर्यंत तापवून त्यातले बरेचसे बरे केले जातात. त्यामुळे डार्क फ्रेम (प्रकाश बंद ठेवून घेतलेली प्रतिमा) त्याच काळातली असणे आवश्यक ठरते. त्याच माऱ्याने सीसीडीत इलेक्ट्रॉन अडकून राहण्याच्या जागाही वाढत जातात, आणि वाचनाच्या कडेपासून दूर असलेला तारा वर्षागणिक अधिक फिका व शेपटीवाला दिसू लागतो. म्हणूनच संग्रहातल्या एफएलटी फाइलऐवजी ही हानी दुरुस्त केलेली एफएलसी फाइल घ्यावी. संग्रह नव्या संदर्भ फाइल्स लावून जुना डेटा पुन्हा तयार करून ठेवतो. तुमच्या संगणकातली प्रत मात्र जशीच्या तशीच राहते. पुन्हा उतरवायला एक रात्र लागली तर लागू द्यावी.

एसएक्सटीच्या डिटेक्टरच्या चार कोपऱ्यांवर लोह-५५ हे किरणोत्सारी स्रोत बसवलेले आहेत. त्यांची ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा कोठे पडते यावरून ऊर्जेची मोजपट्टी किती सरकली हे सतत कळते. लोह-५५ चे अर्धायुष्य सुमारे पावणेतीन वर्षांचे आहे, त्यामुळे प्रक्षेपणानंतर दहा वर्षांनी त्याचा दहावा भागही उरत नाही, आणि तीच तपासणी करायला पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ जमवावा लागतो. एका छोट्या निरीक्षणातली पुसट रेषा पाहून मोजपट्टी स्वतःच सरकवणारे महाभागही मी पाहिले आहेत.

याच ओघात हबलच्या आरशाची हकिगत सांगितली पाहिजे, कारण ‘एकदा तपासले आहे’ या वाक्याची इतकी महाग किंमत क्वचितच कोणी मोजली असेल. आरशाला आकार देताना वापरलेल्या तपासणी-उपकरणात एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते. त्याच्या हिशेबाने आरसा निर्दोष होता, आणि प्रत्यक्षात त्याची कडा सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेली. विशेष म्हणजे दुसऱ्या दोन चाचण्यांत दोष दिसला होता. परंतु त्या कमी अचूक आहेत असे म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या. एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण वर गेली आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्तीची प्रकाशिकी बसवेपर्यंत तिला धूसरच दिसत होते. तुमच्या दोन पद्धतींनी दोन वेगळी उत्तरे दिली, तर आवडत्या उत्तराला ‘अधिक अचूक’ ठरवण्याआधी हे आठवावे.

थोडक्यात आटोपण्यासारख्या

फाइलमधले एकक इलेक्ट्रॉन आहे की इलेक्ट्रॉन प्रतिसेकंद, हे हेडरमध्ये वाचावे. एकाच कॅमेऱ्याच्या दोन भागांत ते वेगळे असते आणि निरीक्षणकाळाने दोनदा भागलेले तारे मी बरेच पाहिले आहेत.

कोणता पिक्सेल खराब आहे हे सांगणारा डेटा-क्वालिटीचा स्तर उघडावा. तो सजावटीसाठी दिलेला नाही.

हबलच्या वर्णपटातील तरंगलांबी निर्वातातली असते. पाठ्यपुस्तकातली दृश्य प्रकाशाची बहुधा हवेतली. दोन्ही न जुळवता ताऱ्याचा वेग काढला तर दृश्य भागात सेकंदाला ८० किलोमीटरच्या आसपास चूक येते.

प्रकाशाला सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला सव्वाआठ मिनिटे लागतात, त्यामुळे वर्षाच्या वेगवेगळ्या काळातील निरीक्षणे जोडताना वेळा सौरमालेच्या गुरुत्वमध्यावर नेल्याच पाहिजेत.

यूव्हीआयटीच्या फ्रेम थेट एकावर एक रचू नयेत. उपग्रह निरीक्षण चालू असताना हळूहळू सरकत असतो आणि ते सरकणे दृश्य प्रकाशाच्या भागातील प्रतिमांवरून काढून टाकावे लागते. नाहीतर सगळे तारे सुजलेले दिसतात.

शंका विचारताना

पहिल्याच दिवशी रंगीत प्रतिमा तयार करून ती स्टेटसला लावण्याची घाई मला समजते. परंतु त्या प्रतिमेचा उजळपणा ताणताना पार्श्वभूमी शून्य केली जाते, आणि नंतर त्याच फाइलवर मोजमाप करणारे विद्यार्थी दरवर्षी निघतात. पाहण्याची फाइल आणि मोजण्याची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात. शंका पाठवताना आलेखाचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो पाठवू नये. निरीक्षण क्रमांक, फिल्टर, एकूण निरीक्षणकाळ, प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, कॅलिब्रेशन फाइल्सची तारीख आणि स्रोत नसलेल्या कोपऱ्याचा प्रकाशवक्र एवढे सोबत असेल तर मी त्याच संध्याकाळी उत्तर देतो. नसेल तर माझा पहिला निरोप या सहा गोष्टी मागणाराच असतो.