जुन्या बाजारात पेन्टॅक्स के१००० दिसला तर आधी हे तपासा

रविवारी किंवा बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलात की नळाच्या तोट्या, घड्याळं, पितळी दिवे यांच्या ढिगात एखादा फिल्म कॅमेरा पडलेला असतोच, आणि विकणारा 'अँटिक पीस आहे साहेब' म्हणत तोंडाला येईल तो भाव सांगतो. त्यात पेन्टॅक्स के१००० असेल तर हातात घ्याच, कारण हा कॅमेरा उभ्या उभ्या तिथेच तपासता येतो, सेल नसला तरी.

१९७६ ला आला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला, तीस लाखांच्या वर बनले. आला तेव्हाच तो कंपनीचा साधा, स्वस्तातला कॅमेरा होता, सेल्फ टायमर नाही, ऑटो मोड नाही. पण तेच त्याच्या पथ्यावर पडलं, फोटोग्राफी शिकणाऱ्या पोरांच्या हातात वर्षानुवर्षं हाच. शटर पूर्ण स्प्रिंगवर चालतं, सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. त्यामुळे 'बंद आहे, शोपीस म्हणून घ्या' म्हणणाऱ्याकडे सेल संपलेला पण ठणठणीत कॅमेरा मिळू शकतो (हे त्याला सांगायचं नाही, आधी भाव ठरवा).

आता तपासायचं कसं. डावीकडची रिवाइंडची मूठ वर ओढा, पाठ उघडते. लेन्स काढा, स्पीड १००० वर (म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) ठेवा, आभाळाकडे धरून मागून बघत क्लिक करा, क्षणभर उजेडाचा पूर्ण चौकोन दिसला पाहिजे, एक बाजू काळी राहिली तर शटरचा कापडी पडदा मागे पडतोय. मग स्पीड १ वर. आतून चक्र फिरल्यासारखा आवाज येऊन साधारण सेकंदाने शटर बंद व्हायला हवं. मध्येच अडकलं तर आतलं ऑइल सुकलंय, सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच घासाघीस करा. पडद्याच्या कापडाला भोक नाही ना तेही बघा.

लेन्स उजेडासमोर धरून आरपार बघा. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, ती असेल तर लेन्स सरळ सोडा, ५० एमएमची दुसरी मिळते. पाठीच्या कडेचा काळा फोम बोटाला चिकटला तर घाबरू नका, तो बदलता येतो.

खाली नाण्याने उघडणारं झाकण आहे, आत हिरवट-पांढरा थर नको. स्वच्छ असेल तर खिशातून नेलेला एलआर४४ बटण सेल टाका (तेवढा नेच), व्ह्यूफाइंडरमध्ये उजवीकडची सुई उजेडाला हलली की मीटर जिवंत. बंद करायला बटणच नाही, लेन्सवर टोपी लावायची, नाहीतर सेल उतरतो. सुरुवातीचे जपानमध्ये बनलेले, नंतर हाँगकाँग, मग चीन, शेवटच्यांत प्लॅस्टिक जास्त आहे, मला विचाराल तर वजनदार तोच घ्या.

पहिला रोल २०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्मला उजेड किती लवकर लागतो तो आकडा) कलर टाका. स्पीडच्या चकतीची बाहेरची रिंग उचलून फिरवली की फिल्मचा आयएसओ लागतो, हे बरेच जण विसरतात. रोल लावून लिव्हर मारताना डावीकडची मूठ आपोआप फिरली पाहिजे, फिरत नसेल तर फिल्म आत नीट लागलेलीच नाही आणि तुम्ही छत्तीस फोटो हवेत काढणार. मीटर बंद असेल तरी अडत नाही, शनिवारवाड्यासमोर भर दुपारी स्पीड २५०, अॅपर्चर (लेन्सचं उघडझाप होणारं भोक) १६ ठेवा, फोटो येतो. मंडईच्या आत मात्र अंधार असतो, तिथे लेन्स पूर्ण उघडून ६० किंवा ३० वर काढा, कोपर खांबाला टेकवून.

रोल संपल्यावर खालचं छोटं बटण दाबून मगच मूठ फिरवा आणि पूर्ण गुंडाळल्याशिवाय पाठ उघडू नका. धुवायला देताना निगेटिव्ह परत मिळणार का हे आधीच विचारा, काही ठिकाणी नुसते स्कॅन पाठवून मोकळे होतात.