एन्कहाउझनला जाल तर आधी धक्क्यावर बसा

ठाण्याच्या आमच्या चेंदणी कोळीवाड्यातून कुणी ना कुणी लेकाकडे नाहीतर लेकीकडे नेदरलँड्सला जातं, आणि निघण्याआधी मला विचारतं, "ताई, तिथे बघायचं काय?" मी प्रत्येकाला एकच गाव सांगते, एन्कहाउझन. आणि एकच अट घालते, त्या दिवशी दुसरं काही ठरवायचं नाही.

पहिल्या खेपेला जावयाने हौसेने सहलीच्या बसचं तिकीट काढून दिलं होतं. एका दिवसात चार गावं, प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटं. घरी येऊन फोटो बघायला बसले तर कुठला धक्का कुठल्या गावचा ते सांगता येईना. माझं बालपण बंदरावर गेलं, म्हणून ते मनाला फार लागलं. दुसऱ्या वर्षी लेकीला म्हटलं, मला फक्त गाडीत बसवून दे, पुढचं माझं मी बघते.

अॅमस्टरडॅम सेंट्रलवरून होर्नमार्गे थेट गाडी आहे, तासाभराचा प्रवास. बँकेचं कार्ड आत शिरताना टेकवायचं आणि उतरल्यावर आठवणीने पुन्हा टेकवायचं, नाहीतर जास्तीचे पैसे कापले जातात. उन्हाळ्यातसुद्धा वारं अडवणारं जॅकेट आणि कानटोपी घ्याच. सोमवार टाळा, छोट्या गावात त्या दिवशी दुकानं उशिरा उघडतात. एन्कहाउझन हे शेवटचं स्टेशन. बाहेर आलात की समोर पाणीच.

इथे लगेच गावात शिरू नका. धक्क्यावर बसा, अर्धा तास तरी. बंदराचं गाव पाण्याकडून बघावं लागतं.

आधी बोटी बघा. जुन्या शिडाच्या बोटींच्या दोन्ही कुशींना मोठ्या लाकडी फळ्या लटकवलेल्या दिसतील, हत्तीच्या कानासारख्या. हे पाणी उथळ, म्हणून बोटीचा तळ सपाट ठेवायचा. पण सपाट तळाची बोट वाऱ्याने आडवी सरकते. ती सरकू नये म्हणून वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूची फळी पाण्यात सोडतात, आणि पाणी अगदीच कमी झालं की वर ओढून घेतात. आमच्या खाडीतही गाळावरून होड्या न्याव्या लागायच्या, त्यामुळे ही युक्ती बघून मला या लोकांचं फार कौतुक वाटलं.

मग शिडं बघा. काहींचा रंग विटकरी-तपकिरी असतो. पूर्वी सुती शिडं आणि जाळी कुजू नयेत म्हणून ती कातात उकळून काढायचे. कात म्हणजे आपल्या पानातला, खैराचा! तो आशियातून जहाजाने जायचा. माझे आजोबा जाळी झाडाच्या सालीच्या पाण्यात बुडवायचे, तो तुरट वास मला त्या धक्क्यावर बसल्या बसल्या आठवला.

आता खाली वाकून धक्क्याची भिंत बघा. भरतीची ओली रेघ नाही, कालवं चिकटलेली नाहीत, वास खारा नाही. हे एकेकाळी समुद्राचं पाणी होतं, झाउडरझे नावाच्या आखाताचं. 1916च्या पुरानंतर ते अडवायचं ठरलं, 1918 साली तसा कायदा झाला आणि 1932 साली 32 किलोमीटर लांबीचा बांध पूर्ण झाला. आखाताचं गोड्या पाण्याचं सरोवर झालं. हेरिंग मासळी गेली, भरती-ओहोटी गेली. मच्छीमारांना मदत म्हणून 1925 साली वेगळा कायदा करावा लागला. पुरापासून माणसं वाचली हे खरंच, पण कोळ्याच्या लेकीला त्या कोरड्या भिंतीकडे बघून गलबलून येतं. गावाच्या चिन्हावर आजही तीन हेरिंग आहेत.

उठलात की जुन्या बंदराच्या तोंडाशी ड्रोमेडारिस नावाचा बुरूज दिसेल, 1540 सालचा. त्यावरच्या घंटांचे सूर ऐकायला थांबा. तिथून काठाकाठाने वीरडाइक रस्त्यावर या आणि पेपरहाउस शोधा, म्हणजे मिऱ्यांचं घर. 1625 साली बांधलेलं हे घर पुढे डच ईस्ट इंडिया कंपनीचं गोदाम झालं. 1602 साली निघालेल्या या कंपनीच्या सहा शाखांपैकी एक एन्कहाउझनची. या गावचा यान हाउखेन फान लिन्सखोतेन 1583 ते 1588 गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. परत येऊन त्याने पोर्तुगिजांच्या जलमार्गांची माहिती 1595-96 साली छापली, आणि डच जहाजांना पूर्वेची वाट सोपी झाली. त्या काळी आमचं ठाणंही पोर्तुगिजांकडेच होतं. ही श्रीमंती बघताना 1621 साली जायफळासाठी इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर याच कंपनीने केलेली कत्तलही लक्षात असू द्या.

दुपार उघड्यावरच्या झाउडरझे संग्रहालयाला द्या. ते साधारण एप्रिल ते ऑक्टोबर उघडं असतं आणि हंगामात स्टेशनजवळून बोटीने जाता येतं. आखाताकाठच्या गावांतली घरं, दुकानं, शिंपल्यांचा चुना भाजायच्या भट्ट्या इथे आणून पुन्हा उभ्या केल्यात. सगळी घरं बघायचा हट्ट धरू नका. धुरावर मासे भाजतात तिथे मात्र थांबा.

हेरिंग खायची की नाही हे सगळे विचारतात. खा. ती आपल्या तारलीच्याच कुळातली. ती शिजवत नाहीत, पण अगदी कच्चीही नसते. कल्ले-आतडी काढताना स्वादुपिंड ठेवतात, मीठ लावतात, आणि त्या रसाने मांस मुरून लोण्यासारखं होतं. जंत मरावेत म्हणून आधी गोठवलेलीही असते. वर बारीक चिरलेला कांदा. नवी हेरिंग जूनच्या मध्यावर येते, तेव्हा जमलं तर सोनंच. मन धजत नसेल तर किबेलिंग घ्या, म्हणजे पीठ लावून तळलेले माशाचे तुकडे. शाकाहारी मंडळींना चीजचा पाव आणि सफरचंदाचा केक कुठेही मिळेल.

पाय दुखत नसतील तर वेस्टरस्ट्राट या मोठ्या रस्त्याने चालत बूरनहूकपर्यंत, म्हणजे शेतकऱ्यांच्या कोपऱ्यापर्यंत जा. 17व्या शतकाच्या सुरुवातीला गावात आजच्यापेक्षा जास्त माणसं राहायची. व्यापार ओसरला, घरं ओस पडली आणि तटाच्या आतच शेती सुरू झाली. तटाच्या आत, रस्त्याला लागून शेतकऱ्यांची घरं दिसतात.

परतीची घाई करू नका, उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि गाड्या उशिरापर्यंत असतात. सहाच्या सुमाराला पुन्हा सकाळच्याच जागी या. दिवसभर बाहेर गेलेल्या बोटी तेव्हा परत येतात. शीड उतरवताना डोलकाठीवरून दोर सरसरत खाली येतो, तो आवाज ऐका आणि मग स्टेशनात शिरा.