खोल पाण्याचे इंग्रजी वाक्प्रचार कसे शिकावेत?

इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करणं मला कधीच पटलं नाही. समुद्राचे आणि खोलीचे वाक्प्रचार तर मुळीच पाठ करू नयेत. ते पाण्यात उतरलेल्या आणि जहाजावर राबलेल्या माणसांच्या बोलण्यातून आले आहेत. त्यामुळे सुरुवात चित्रापासून करावी.

वाक्प्रचार कानावर पडला की आधी विचारा: माणूस कुठे आहे, आणि त्याचे पाय टेकतायत का? 'आउट ऑफ माय डेप्थ' म्हणजे पाय टेकत नाहीत. इथे 'डेप्थ' समुद्राची नाही, त्या माणसाला झेपेल एवढी खोली आहे. म्हणून अर्थ होतो, हे काम माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. 'इन डीप वॉटर'मध्ये प्रश्न कुवतीचा नसून संकटाचा असतो. कर्जात अडकलेला हुशार व्यापारीही 'इन डीप वॉटर' असू शकतो. या दोहोंची गल्लत फार होते. 'थ्रोन इन ॲट द डीप एंड'मध्ये तर समुद्रच नाही. पोहण्याच्या तलावाचं खोल टोक आहे. नवख्यावर पहिल्याच दिवशी मोठी जबाबदारी टाकली की हे म्हणतात.

'ॲट सी' म्हणजे भर समुद्रात, किनारा दिसेनासा झालेला, म्हणून गोंधळलेला. मध्ये 'द' घालू नका.

पुढची पायरी माझ्या सगळ्यात आवडीची: एखादा शब्द धरून तळापर्यंत जा. 'फॅदम' घ्या, पाण्याची खोली मोजायचं माप. जुन्या इंग्रजीत याचा संबंध पसरलेल्या हातांशी, कवेत घेण्याशी होता. माप 6 फूट, म्हणजे सुमारे 1.83 मीटर. आपली 'वाव' अशीच, दोन्ही हात पसरून मोजलेली! खलाशी शिशाचं वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडत. तिच्यावर 2, 3, 5, 7, 10 अशा ठरावीक वावांवर चामड्याच्या किंवा कापडाच्या खुणा असत. खूण नसलेल्या मापांना 'डीप' म्हणत. सहाला खूण नव्हती, म्हणून हाळी 'बाय द डीप सिक्स'. अमेरिकी नौदलाच्या बोलीत 'डीप-सिक्स' करणं म्हणजे समुद्रात फेकून देणं, आणि आज एखादी योजना कायमची बासनात टाकली तरी तोच शब्द वापरतात. मिसिसिपी नदीवर 'मार्क ट्वेन' ही हाळी 2 वाव, म्हणजे 12 फूट पाण्याची, बोटीला पुरेशा खोलीची. तिथे बोटी चालवलेल्या सॅम्युएल क्लेमेन्स या अमेरिकी लेखकानं तेच टोपणनाव घेतलं. एवढं कळलं की 'आय कान्ट फॅदम इट' म्हणजे 'मला याचा थांग लागत नाही', हे वेगळं सांगावं लागत नाही. क्रियापद म्हणून तो बहुधा असा नकारार्थीच येतो.

मग मराठी जोडी शोधा. 'बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप ब्लू सी'ला 'इकडे आड, तिकडे विहीर' चपखल बसते. 'अ ड्रॉप इन द ओशन'ला 'दर्या में खसखस'. 'स्टिल वॉटर्स रन डीप' मात्र शांत माणसाकडे बोट दाखवतं, तर आपलं 'उथळ पाण्याला खळखळाट फार' बडबड्याकडे. 'ओव्हर माय हेड' म्हणजे डोक्यावरून गेलं, कळलं नाही. आधी 'इन' आला की झेपणार नाही असं काम अंगावर घेतलं.

'सी चेंज' म्हणजे पूर्ण कायापालट, तो जपून वापरा. तो शेक्सपिअरच्या 'द टेंपेस्ट'मधून आला. तिथे बुडालेल्या माणसाच्या हाडांचं पोवळं आणि डोळ्यांचे मोती होतात. ऑफिसची वेळ अर्ध्या तासानं बदलली, तर तो 'सी चेंज' नव्हे.

शेवटी वही घ्या. रोज एकच वाक्प्रचार, त्यावर स्वतःच्या आयुष्यातली दोन वाक्यं: एक तो बसतो असं, दुसरं त्याचा जवळचा भाऊ बसेल असं. आज 'आउट ऑफ माय डेप्थ' आणि 'इन डीप वॉटर' यांपासून सुरुवात करा.