फॉसिल हॉल नीट कसा बघायचा: डायनासोरच्या आधी लहान पेट्या

नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये बहुतेक लोक थेट डायनासोरच्या हॉलमध्ये जातात, मोठ्या सांगाड्यासमोर फोटो काढतात आणि बाजूच्या काचेच्या पेट्यांमधले शिंपले, पानं, प्रवाळ यांच्यावरून नुसती नजर फिरवून बाहेर पडतात. डायनासोर बघूच नका असं माझं अजिबात म्हणणं नाही, मलाही ते प्रचंड आवडतात. पण पृथ्वीवर पूर्वी हवा कशी होती, समुद्र कुठे होता, दिवस किती तासांचा होता हे कळण्यासारखं बरंचसं त्या लहान पेट्यांमध्येच असतं, आणि तिथे कोणी थांबत नाही याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून हे लिहितेय.

पहिलं म्हणजे एका फेरीत अख्खं म्युझियम उरकायला जाऊ नका. एक हॉल, दीड-दोन तास, बास. फ्लॅश मारू नका, फोटोत फक्त काच चमकते. त्यापेक्षा पेटीच्या कडेला सरकून तिरकं बघा, जरा खाली वाकून बघा, तिरक्या उजेडात दगडावरच्या बारीक रेघा आणि उंचवटे असे काही उठून दिसतात की समोरून बघताना तो नुसता दगडच वाटत होता यावर विश्वास बसत नाही.

मग लेबल. नाव वाचून पुढे जाऊ नका, वय आणि सापडल्याची जागा पण वाचा, आणि प्रत्येक वेळी मनात एकच प्रश्न विचारा: हे कशावरून ठरवलं? हा प्रश्न विचारायची सवय लागली ना की हॉल एकदम वेगळा दिसायला लागतो. आता वयाचंच घ्या. पुष्कळांना वाटतं की डायनासोरचं वय कार्बन डेटिंगने काढतात, पण कार्बन साधारण 50 हजार वर्षांपर्यंतच उपयोगी पडतो, त्यापुढे मोजण्याइतका उरतच नाही. डायनासोर तर कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. तिथे काय करतात, तर हाड ज्या थरात सापडलं त्याच्या वर आणि खाली ज्वालामुखीच्या राखेचे थर असले तर त्यातले झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक घेतात आणि त्यातल्या युरेनियमचं किती शिसं झालंय ते मोजतात. म्हणजे वय राखेचं निघतं, आणि हाड त्या दोन राखांच्या मधलं. म्हणूनच जागा आणि थर माहीत नसलेलं फॉसिल दिसायला कितीही सुंदर असलं तरी फारसं काही सांगू शकत नाही.

मोठ्या सांगाड्यांकडे गेलात की खरं हाड कुठलं आणि कास्ट, म्हणजे साच्यातून काढलेली प्रत, कुठला ते शोधा, बऱ्याच म्युझियममध्ये पाटीवर लिहिलेलं असतं किंवा छोट्या आकृतीत रंगवून दाखवलेलं असतं. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये 1990 साली सापडलेली सू नावाची टी रेक्स आहे, तिच्या उभ्या सांगाड्यावरची कवटी कास्ट आहे कारण खरी कवटी त्या सांगाड्यावर चढवायला फार जड, ती वेगळ्या पेटीत ठेवलीय, आणि खरं तर तीच जवळून बघायची वस्तू आहे. कास्ट म्हटलं की लोकांचा मूड जातो, पण तो खऱ्या हाडाच्या साच्यातूनच काढतात, त्यामुळे मापं आणि आकार तंतोतंत. लंडनमध्ये 1905 साली उभारलेला डिप्लोडोकस नावाचा लांब मानेचा डायनासोर पूर्णपणे कास्टच होता, आणि त्याच्यासमोर उभं राहून पिढ्यानपिढ्या मुलं शास्त्रज्ञ व्हायची स्वप्नं बघत आली.

सांगाड्याची उभं राहायची पद्धतही बघा. जुन्या मांडणीत शेपट्या जमिनीवर लोळत असायच्या. पण शेपटी ओढल्याच्या खुणा पायांच्या ठशांबरोबर जवळपास दिसतच नाहीत, सांध्यांचा अभ्यासही तेच सांगत होता, म्हणून पुढे शेपट्या उचलून पुन्हा मांडल्या गेल्या. इग्वानोडॉन नावाच्या डायनासोरच्या अंगठ्याचा काटा तर सुरुवातीला नाकावरचं शिंग समजला गेला होता, पुढे बेल्जियममध्ये पूर्ण सांगाडे सापडले तेव्हा उलगडा झाला. समोर दिसतंय ते आजपर्यंतच्या पुराव्यावर बसवलेलं आहे, हे डोक्यात ठेवून बघितलं की जास्त मजा येते.

आता लहान पेट्या. इथे घाई करू नका प्लीज.

प्रवाळाचं फॉसिल दिसलं तर त्याच्या अंगावरच्या बारीक आडव्या रेघा बघा. काही प्रवाळ रोज एक बारीक थर चढवतात आणि वर्षभराच्या थरांचा एक पट्टा तयार होतो, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखा. 1963 साली जॉन वेल्स यांनी साधारण 38 कोटी वर्षांपूर्वीच्या, डेव्होनियन काळातल्या प्रवाळांवरच्या रेघा मोजल्या तर वर्षाला सुमारे 400 भरल्या! पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला लागणारा वेळ तर बदललेला नाही, म्हणजे तेव्हा दिवसच लहान होता, जेमतेम 22 तासांचा. चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं हळूहळू मंदावतंय हे गणिताने आधीच माहीत होतं, आणि इथे एका समुद्री जिवाने त्याची रोजची नोंद करून ठेवलेली निघाली. मला हा सगळ्या हॉलमधला सर्वात थक्क करणारा पुरावा वाटतो.

पानांच्या फॉसिलमध्ये कडा बघा, सरळ आहे की करवतीसारखी. उष्ण प्रदेशातल्या जंगलात सरळ कडांच्या जातींचं प्रमाण जास्त असतं, थंडीकडे गेलं की दातेरी वाढतात, त्यामुळे एकाच थरातल्या रुंद पानांच्या पुष्कळ जाती गोळा केल्या तर तिथलं तेव्हाचं तापमान ढोबळमानाने काढता येतं. पानावरची सूक्ष्म छिद्रंही मोजतात, हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त असेल तर बऱ्याच झाडांच्या पानांना छिद्रं कमी येतात. आणि जिभेच्या आकाराचं, मधोमध ठळक शीर असलेलं ग्लोसॉप्टेरिस या नामशेष झाडाचं पान दिसलं तर लेबलवरची जागा नक्की वाचा. हे पान भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एवढ्या सगळीकडे सापडतं, कारण ही सगळी जमीन तेव्हा एकत्र होती. 1912 साली दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश शोधमोहिमेचे प्रमुख कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती बर्फात मेले, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे 16 किलो दगड होते, शेवटपर्यंत टाकले नव्हते, आणि त्यात ग्लोसॉप्टेरिसची फॉसिल्स होती.

अजून एक करून बघा. हॉल काळाच्या क्रमाने लावलेला असेल तर एक प्राणी निवडा आणि त्याचा पाठलाग करा. ट्रायलोबाइट घ्या, समुद्रातले खंडाखंडांच्या कवचाचे प्राणी, साधारण 52 कोटी वर्षांपूर्वीपासून पेटीमागून पेटीत दिसत राहतात, कधी काटेरी, कधी गुंडाळी करून बसलेले, कधी डोळ्यांची भिंगं स्पष्ट दिसतील असे, आणि पर्मियन काळाच्या शेवटी, 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी, एकदम बंद. त्यानंतर एकही नाही. तसंच अमोनाइट या गुंडाळलेल्या शंखाच्या समुद्री प्राण्यांचं, ते 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी डायनासोरांबरोबर संपले. सामूहिक विनाश हा शब्द वाचून जे पोचत नाही ते रिकामी झालेली पेटी बघून पोचतं.

मुलं बरोबर असतील तर त्यांना कोप्रोलाइट दाखवा, म्हणजे दगड झालेली विष्ठा. हसतील आणि मग आपोआप विचारतील की त्यात काय सापडलं. माशांचे खवले, हाडांचे तुकडे, म्हणजे कोण काय खायचं याचा थेट पुरावाच.

हे सगळं बघून स्वतःला कुठे फॉसिलसारखं काही दिसलंच तर आधी उचलू नका. शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो घ्या, आजूबाजूच्या थरांचा पण एक लांबून घ्या, मोबाईलवर लोकेशन सेव्ह करा, तिथले नियम काय आहेत ते बघा आणि मग जवळच्या म्युझियमला किंवा कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाला दाखवा. दगडावर काळ्या फर्नसारखी नाजूक नक्षी असेल तर ती बहुधा मँगनीजची असते, भेगांमधून झिरपलेल्या पाण्याने काढलेली, तिच्यात जीव कधीच नव्हता. पण विचारायला काहीच हरकत नाही, म्युझियमवाल्यांना असे फोटो नेहमीच येत असतात.