नेटवर्किंगचा पेपर जर्नलला पाठवायचाय? सबमिटच्या बटणाआधीचं सगळं

"सर, पेपर रेडी आहे, कुठे टाकू?" हा मेसेज मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो, कधी नाशिकच्या आडगावकडच्या कॉलेजातून, कधी गंगापूर रोडवरून, आणि मे-जूनमध्ये तर रांगच लागते. मी दरवेळी एकच विचारतो, लिहायच्या आधी का नाही विचारलंस. पेपर आधी आणि जर्नल नंतर म्हणजे हॉल बुक करून मग स्थळ बघायला निघाल्यासारखं आहे. जर्नल कुठलं हे आधी ठरलं की काय मोजायचं, कोणाशी तुलना करायची, किती पानं लिहायची हे सगळं आपोआप ठरत जातं.

माझंच सांगतो. पहिला पेपर सहा दिवसांत परत आला, रिव्ह्यूअरपर्यंत गेलाच नाही, एडिटरनेच दोन ओळीत आटोपलं. निफाडकडच्या एका द्राक्षबागेत आम्ही लोराचे, म्हणजे कमी विजेत लांबवर छोटे मेसेज पाठवणाऱ्या रेडिओचे, सेन्सर लावले होते, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा आपला लायसन्स न लागणारा बँड, गेटवे शेडच्या पत्र्यावर. पेपरात मी ठिबक, डावणी-भुरीसारखे द्राक्षाचे रोग, शेतकऱ्याचं किती पाणी वाचलं असं सगळं भरलेलं. एडिटरचं म्हणणं एवढंच, की ॲप्लिकेशन चांगलं आहे पण यात नेटवर्किंगला नवीन काय मिळालं? राग आला तेव्हा, पण बरोबर होतं त्याचं.

मग तोच डेटा घेऊन परत बसलो. पहाटे दव पडलं की ओल्या पानांनी सिग्नल पडायचा आणि काही नोड, म्हणजे ते सेन्सर, गप्प व्हायचे, दहा वाजता ऊन आलं की परत बोलायला लागायचे. आता लोरावॅनमध्ये, म्हणजे लोरावर चालणाऱ्या नेटवर्क प्रोटोकॉलमध्ये, डेटा रेट आपोआप बदलायची सोय आहे, पण डिफॉल्ट सेटिंगला नोड ६४ मेसेज जाईपर्यंत सर्व्हरकडून काहीच खाली आलं नाही तर मग विचारणा करतो, आणि अजून ३२ मेसेज वाट बघून मगच पहिलं पाऊल उचलतो. आमचा नोड दर १५ मिनिटाला एक मेसेज पाठवायचा. ९६ मेसेज म्हणजे बरोबर २४ तास. दव तीन तासात उडून जातं आणि प्रोटोकॉल जागा होतो दुसऱ्या दिवशी! हा झाला नेटवर्किंगचा प्रश्न. द्राक्षं एका परिच्छेदात बसली, बाकी सगळा पेपर त्या २४ तासांवर. तो मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या, होऊन छापला गेला. पाठवताना त्यात नवीन डेटा काहीच नव्हता.

तर आधी स्वतःला एका वाक्यात विचारा, माझ्या बागेचं, हॉस्पिटलचं, पार्किंगचं नाव काढून टाकलं तर नेटवर्कबद्दल काय उरतं. काहीच उरत नसेल तर नेटवर्किंग जर्नलच्या वाटेला जाऊ नका, शेतीतल्या इलेक्ट्रॉनिक्सची वेगळी चांगली जर्नल्स आहेत, तिथे हाच पेपर आवडीने घेतील. सध्या सिंहस्थामुळे दर दुसरा विद्यार्थी रामकुंडाच्या गर्दीत मोबाइल नेटवर्क कसं टिकवायचं यावर लिहितोय. विषय मस्तच आहे, पण टॉवरचा खरा डेटा तुमच्याकडे नसतो, तेव्हा लोड आम्ही बनवलेला आहे हे सरळ लिहा, आणि कुंभमेळा म्हणजे काय हे परदेशातल्या रिव्ह्यूअरला दोन वाक्यात सांगा. दोन पानं नको.

आता जर्नल कसं निवडायचं. आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन नेटवर्किंग, जे १९९३ पासून एसीएमबरोबर मिळून निघायचं आणि आता एकट्या आयईईईचं आहे, तिथे गणित किंवा सिस्टिम दोन्हीपैकी एक तरी खोल पाहिजे, वरवरचं चालत नाही. नेटवर्क चालवणं, मॉनिटर करणं असा विषय असेल तर ट्रान्झॅक्शन्स ऑन नेटवर्क अँड सर्व्हिस मॅनेजमेंट. एल्सव्हिअरची कॉम्प्युटर नेटवर्क्स आणि कॉम्प्युटर कम्युनिकेशन्स ही दोन बऱ्यापैकी रुंद आहेत, सेन्सर आणि मल्टिहॉप (मेसेज एका नोडवरून दुसऱ्यावर पुढे ढकलणाऱ्या) वायरलेसवाल्यांनी ॲड हॉक नेटवर्क्स बघावं. आणि एक छोटी पण नेमकी गोष्ट हातात असेल तर एसीएम सिगकॉमचं कॉम्प्युटर कम्युनिकेशन रिव्ह्यू आहे, वर्षाला चार अंक, टेक्निकल पेपर सहा पानांचा. सहा पानं सोपी वाटतात ना, लिहून बघा एकदा.

जे आवडलं त्याचे गेल्या दोन वर्षांतले दहाबारा पेपर खरंच वाचा. ॲबस्ट्रॅक्ट नाही, पूर्ण. त्यांचे ग्राफ कसे आहेत, तुलना कोणाशी केलीय, सिम्युलेशन चालतं का खरी टेस्टबेड मागतात, सगळं तिथेच कळतं. तुमच्या रेफरन्समध्ये त्या जर्नलचा एकही पेपर नसेल तर समजून जा की तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात. अजून एक, नेटवर्किंगमध्ये बरंचसं मोठं काम आधी कॉन्फरन्समध्ये येतं, सिगकॉम, एनएसडीआय, आयएमसी, इन्फोकॉम, त्यामुळे नुसती जर्नल्स चाळून "असं कोणीच केलेलं नाही" लिहिलं की फसलात. आपल्याकडे बंगळुरूला जानेवारीत कॉमस्नेट्स होते, पहिल्यांदा तिथे छोटं काहीतरी दाखवून मग जर्नलचा विचार करणं हा चांगला रस्ता आहे.

आणि ते व्हॉट्सॲपवर येतं, "तीन दिवसांत पब्लिश, फी पंधराशे, सर्टिफिकेट सोबत", त्याला हात लावू नका. आधी लोक यूजीसीच्या केअर लिस्टमध्ये, म्हणजे मान्य जर्नल्सच्या यादीत, नाव आहे का बघून निश्चिंत व्हायचे, ती लिस्ट २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने बंद केली, आता पारखायची जबाबदारी आपली आणि आपल्या कॉलेजची. स्कोपसच्या सोर्स लिस्टमध्ये आणि क्लॅरिव्हेटच्या मास्टर जर्नल लिस्टमध्ये स्वतः शोधा, आणि जर्नलच्या साइटवर तिथून किंवा प्रकाशकाच्या मुख्य साइटवरूनच जा. गुगलवर पहिली येणारी साइट कधीकधी हुबेहूब नक्कल असते, नाव तेच, आयएसएसएन तोच, पैसे मात्र भलत्याच्या खात्यात. पीएचडीवाल्यांसाठी, यूजीसीच्या २०२२ च्या नियमात थीसिसआधी पेपर छापणं सक्तीचं राहिलेलं नाही, पण विद्यापीठ स्वतःचा नियम लावू शकतं, तेव्हा रिसर्च सेंटरवर लेखी विचारून घ्या.

पैशाचं पण इथेच सांगतो. मोठ्या प्रकाशकांची बरीच जर्नल्स हायब्रिड असतात, म्हणजे सबस्क्रिप्शनचा पर्याय निवडला तर लेखकाला ओपन ॲक्सेसची, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचायला खुला ठेवायची, फी नाही. फक्त आयईईईत ठरलेल्या पानांच्या वर गेलात तर जादा पानांचे पैसे लागतात आणि ते डॉलरमध्ये असतात. ॲक्सेप्ट झाल्यावर जो फॉर्म येतो त्यात ओपन ॲक्सेसवर टिक करण्याआधी दहा वेळा वाचा, आनंदाच्या भरात टिक केलेला एक मित्र आहे माझा, नंतर मेलामेली करून कसंबसं सुटला.

प्रयोगांवर सगळ्यात जास्त पेपर मार खातात. लीच हा सेन्सर नेटवर्कचा प्रोटोकॉल २००० सालचा आहे, एओडीव्ही या राउटिंग प्रोटोकॉलचं आरएफसी (स्पेसिफिकेशन) २००३ चं. यांच्यापेक्षा आमचं तीस टक्के चांगलं असं आज लिहिलंत तर रिव्ह्यूअर पुढचं वाचतच नाही, कारण मधल्या वीस-पंचवीस वर्षांत शेकडो लोकांनी त्यांना हरवून झालंय. तुलना गेल्या तीनचार वर्षांतल्या कामाशी करा, ते हरवता नाही आलं तरी चालेल, कुठे जिंकतो आणि कुठे हरतो ते प्रामाणिकपणे दाखवा. इंट्रूजन डिटेक्शनवाल्यांचं, म्हणजे नेटवर्कवरचे हल्ले ओळखणाऱ्यांचं, तर विचारूच नका, अजून केडीडी कप ९९ हा डेटासेट घेऊन बसतात, तो ट्रॅफिक १९९८ मध्ये लॅबमध्ये तयार केलेला, त्यावर ९९ टक्के ॲक्युरसी आली तर आजच्या नेटवर्कबद्दल काय कळलं? खरा ट्रॅफिक पाहिजे तर CAIDA चे ट्रेस (ट्रॅफिकच्या नोंदी) आहेत, जपानचा मावी आर्काइव्ह आहे, लेटन्सी (मेसेज पोचायला लागणारा वेळ) मोजायची तर राइप ॲटलस आहे.

एनएस-३ वापरणाऱ्यांसाठी खास. हा नेटवर्क सिम्युलेटर डिफॉल्टला सीड आणि रन नंबर (ज्यांवरून रँडम आकडे निघतात ते) दोन्ही फिक्स ठेवतो, त्यामुळे रन नंबर न बदलता तुम्ही तीस वेळा चालवलंत तर तीसही वेळा तोच आकडा येणार. माझ्या एका विद्यार्थ्याने असंच केलं आणि खुशीत सांगायला आला की सर रिझल्ट एकदम स्टेबल आहेत, एरर बार दिसतच नाहीत. रन नंबर बदलत जा, सुरुवातीचा वॉर्मअपचा काळ काढून टाका, आणि प्रत्येक बिंदूवर ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल दाखवा. व्हर्जन नंबर आणि पॅरामीटरचा तक्ता पेपरात द्या, कोड गिटहबवर टाका, दुसऱ्याला चालवता आला की निम्मी शंका तिथेच मिटते.

लिहिण्याबद्दल फार नाही सांगत. आयईईईला त्यांचा लॅटेक टेम्प्लेट, एल्सव्हिअरला त्यांचा, ओव्हरलीफ या ऑनलाइन लॅटेक एडिटरवर दोन्ही आहेत. ग्राफ पीडीएफमध्येच एक्सपोर्ट करा, स्क्रीनशॉट नको, आणि एकदा ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढून बघा चार रेषा वेगळ्या ओळखू येतात का. पहिल्या पानावर प्रश्न, आधीचं का पुरत नाही आणि तुम्ही काय केलंत एवढं आलं पाहिजे, "इंटरनेट हे मानवी जीवनाचा अविभाज्य भाग" वगैरे काढा.

फॉर्म भरायला एक निवांत संध्याकाळ ठेवा, शेवटच्या रात्री नको. ऑर्किड (ORCID) आयडी, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, आधी काढा, १६ अंकी, फुकट आहे, आणि आपल्याकडे तो फार कामाचा आहे कारण एका पेपरात वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यात नुसतं इनिशियल, तिसऱ्यात आडनाव पुढे असं केलं की सिस्टिमला तीन वेगळी माणसं वाटतात. लेखकांची यादी आणि क्रम सबमिटच्या आधी सगळ्यांकडून मेलवर कन्फर्म करून घ्या, नंतर बदलायला एडिटरची परवानगी आणि सगळ्यांच्या सह्या लागतात. ज्याने काही केलं नाही त्याचं नाव घालायचं नाही, मग ते हेड का असेनात, हे तोंडावर बोलणं अवघड असतं मला माहितीये, जर्नलची कोणी काय केलं सांगणारी स्टेटमेंट पुढे ठेवा, जागा रिकामी दिसली की विषय आपोआप निघतो.

एल्सव्हिअरला हायलाइट्स लागतात, तीन ते पाच मुद्दे, प्रत्येक स्पेस धरून ८५ अक्षरांत. कीवर्ड विचार करून द्या, रिव्ह्यूअर शोधताना एडिटर तेही बघतो. कव्हर लेटर अर्ध्या पानाचं, प्रश्न काय, नवीन काय, याच जर्नलला का. हाच विषय कॉन्फरन्समध्ये आला असेल तर तो पेपर जोडा आणि नवीन काय वाढवलं ते लिहा, साधारण तीस टक्के नवीन मजकूर धरतात, पण नुसते शब्द वाढवून नाही, नवीन रिझल्ट पाहिजेत. सिमिलॅरिटी आधीच तपासा, यूजीसीच्या २०१८ च्या नियमात दहा टक्क्यांपर्यंत कारवाई नाही, पण जर्नल टक्क्यापेक्षा कुठला परिच्छेद उचललाय ते बघतं. एआयकडून भाषा सुधारून घेतली असेल तर जर्नलचा नियम वाचून तसं सांगा, एआयला लेखक करता येत नाही. आणि एकाच वेळी दोन जर्नलला कधीच पाठवू नका, रिव्ह्यूअर एवढे थोडे असतात की दोन्हीकडून एकाच माणसाकडे जाऊ शकतो. छापून यायच्या आधी आर्काइव्ह (arXiv) या खुल्या साइटवर टाकायचं तर सीएस डॉट एनआय हा विभाग, पण आधी जर्नलला चालतं का बघा.

मग वाट बघायची. तीन महिने, सहा महिने, कधी जास्त. चार महिने झाले की एक सभ्य मेल करायला हरकत नाही, दर आठवड्याला नको.

मेजर रिव्हिजन आलं की रडू नका, पेढे आणा, दार उघडं आहे म्हणून. रिव्ह्यूअरचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं कॉपी करा, खाली तुमचं उत्तर, खाली पेपरात कुठे बदललं तो पान नंबर आणि बदललेला मजकूर, लॅटेकडिफ या टूलने बदल दाखवणारी रंगीत कॉपी काढून जोडा. रिव्ह्यूअर चुकलाय असं वाटलं तर आधी धरून चाला की तुमचं लिहिणं कळलं नाही, ते वाक्य सुधारा, मग पुराव्यासकट सांगा की आम्ही हे का नाही केलं. आमच्या त्या पेपरात एकाने विचारलेलं, दवामुळेच सिग्नल पडतो कशावरून, पहाटेचं तापमान पण बदलतं की. त्या एका ओळीसाठी पानांचा ओलावा मोजणारा सेन्सर लावून परत तीन आठवडे डेटा घेतला, भल्या पहाटे निफाडला जाऊन. पेपर त्यानेच सुधारला.

रिजेक्ट आलं तर दोन दिवस मेल उघडू नका, मग रिव्ह्यूमधलं जे खरं आहे ते दुरुस्त करून पुढच्या जर्नलला. न बदलता तसाच पुढे ढकललेला पेपर त्याच रिव्ह्यूअरकडे परत गेल्याचं मी दोनदा बघितलंय.

ॲक्सेप्ट झाल्यावर प्रूफ येतं, बहुतेक ४८ तासांत परत मागतात. तेव्हा समीकरणं आणि तक्त्यातले आकडे एकेक करून बघा, टाइपसेटिंगमध्ये उणे चिन्ह उडालेलं असतं कधीकधी, डेसिबलमध्ये ते फार महागात पडतं. आणि कॉलेजचा पत्ता, त्यात नाशिकच्या स्पेलिंगमध्ये एच आहे का नाही ते आधीच्या पेपरशी जुळवून घ्या.