बटू दीर्घिकांमधले महाराक्षसी तारे हुडकताना

सेक्सटन्स ए, आयसी १६१३, एनजीसी ६८२२ अशा धातू (हायड्रोजन-हेलियमपेक्षा जड मूलद्रव्यं) कमी असलेल्या बटू, म्हणजे छोट्या दीर्घिकांत उतारवयाचे भारी तारे शोधायला बसलात, की पहिल्या यादीतले बरेच तारे त्या दीर्घिकेचे निघतच नाहीत. या कामात खरी मेहनत वगळण्याची आहे.

सुरुवात स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या ३.६ आणि ४.५ मायक्रॉनच्या मोजमापांपासून करा. अंतर वापरून ३.६ची निरपेक्ष प्रत (खऱ्या तेजाचा आकडा; जितका लहान तितका तारा तेजस्वी) काढा, −९ पेक्षा तेजस्वी तेवढे ठेवा. तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांत (फुगून थंड झालेले भारी तारे) कार्बन मोनॉक्साइड ४.५चा प्रकाश शोषतो, त्यामुळे दोन प्रतींतला फरक (३.६ वजा ४.५) शून्याखाली येतो. भोवती धूळ दाटली असेल तर तो धन होतो.

आकाशगंगेतले एम बटू तारे (आपल्या जवळचे छोटे, थंड, तांबडे तारे) नेमके इथेच घुसतात. ते गाया या अवकाश दुर्बिणीने मोजलेल्या निजगतीवरून (आकाशात तारा किती सरकतो त्यावरून) वगळा, पण प्रत्येक ताऱ्याची त्रुटी धरून. अंधूक ताऱ्यांना सरसकट एकच मर्यादा लावली तर चांगले उमेदवारही जातात. क्वेसार (फार दूरच्या दीर्घिकांची तेजस्वी केंद्रं) मात्र गायाच्या चाळणीतून सुटतात, कारण तेही जागचे हलत नाहीत. शिवाय आयसी १६१३च्या अंतरावर एका कोनीय सेकंदात ११-१२ प्रकाशवर्षं मावतात, म्हणजे अख्खा तारकागुच्छ एक तारा भासू शकतो. हबल दुर्बिणीची प्रतिमा असेल तर ती पाहिल्याशिवाय वर्णपटाची वेळ खर्चू नका.

वर्णपटात कॅल्शियमच्या ८४९८, ८५४२, ८६६२ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) या रेषांवरून वेग काढा. सेक्सटन्स ए सेकंदाला ३२४ किमी वेगाने दूर जाते, तिथे निकाल चटकन लागतो. एनजीसी ६८२२ ५७ किमीने जवळ येते. आपल्याकडचे कितीतरी तारेही तसेच, म्हणून तिथे वेग एकटा पुरत नाही.

टायटॅनियम ऑक्साइडचे ठळक पट्टे शोधत बसू नका. धातू कमी, म्हणून ते फिके. लहान मॅगेलनी मेघातसुद्धा बरेच तांबडे महाराक्षसी तारे के, म्हणजे एमपेक्षा थोड्या उष्ण प्रकारचे आहेत. वुल्फ-राये ताऱ्यांचे (बाहेरचा थर गमावलेले अतिउष्ण भारी तारे) वारेही इथे क्षीण, तेव्हा हेलियमची ४६८६ रेषा अरुंद दिसली तर ती तेजोमेघाची असू शकते. द्विमितीय वर्णपटात (स्लिट या फटीच्या लांबीभरचा प्रकाश दाखवणाऱ्या) ती ताऱ्याच्या वर-खाली पसरली आहे का, ते बघा.

बी[ई] महाराक्षसी ताऱ्याची (भोवती वायू-धूळ असलेला उष्ण तारा) खूण म्हणजे ऑक्सिजनची ६३०० रेषा. रात्रीच्या आकाशातही ती झळकते. सेक्सटन्स एमध्ये ती जवळपास ७ अँगस्ट्रॉम सरकते, वेगळी दिसते. एनजीसी ६८२२मध्ये जेमतेम एक, म्हणून तिथे आकाश वजा करताना स्लिटमधला तेजोमेघविरहित भागच निवडा.