जपानी विद्यापीठात वेब डेव्हलपमेंटचं पाहुणं व्याख्यान कसं द्यावं

टोकियो, योकोहामा, ओसाकात काम करणाऱ्या आपल्या इंजिनिअरांना कधी ना कधी एखादे प्राध्यापक विचारतात, आमच्या मुलांसाठी वेब डेव्हलपमेंटवर एक तास घ्याल का? जरूर घ्या. मात्र त्यानंतर चारी बाजूंनी जे सल्ले येतात, त्यातला 'शेवटची पंधरा मिनिटं प्रश्नोत्तरांना ठेवा' हा अजिबात ऐकू नका. जपानी वर्गात तो हमखास फसतो. का फसतो, ते पुढे सांगतो.

आधी तास किती मिनिटांचा आहे ते विचारा. ९० मिनिटं ही रूढ वेळ, पण टोकियो विद्यापीठात १०५ मिनिटांचे तास असतात आणि वासेदा विद्यापीठात २०२३ पासून १०० मिनिटांचे. नोकरी असेल तर कंपनीची परवानगी काढा. मानधनाचे कागद वेळेत भरून द्या. जपानमधल्या रहिवाशांच्या मानधनातून १०.२१ टक्के कर आधीच कापला जातो, तेव्हा रक्कम कमी का आली म्हणून विचारत बसू नका.

बोलणं इंग्रजीत असलं तरी स्लाइडवरचा मजकूर सोप्या जपानीत ठेवा आणि तो प्राध्यापकांकडून तपासून घ्या. मुलांना ऐकून कळण्यापेक्षा वाचून लवकर कळतं.

विषय निवडताना फ्रेमवर्कच्या, म्हणजे वेबसाइट बांधण्याच्या तयार सांगाड्यांच्या, मोहात पडू नका. शंभर मुलं एकाच वेळी विद्यापीठाच्या वायफायवरून त्यांची पॅकेजं (तयार कोडचे संच) उतरवू लागली की तास तिथेच संपला. एक एचटीएमएल फाइल, एक ब्राउझर आणि त्यातली डेव्हलपर टूल्स (पानाचं आतलं काम दाखवणारी साधनं) एवढ्यात सगळं बसवा, आणि इंटरनेट नसलं तरी चालेल असं ठेवा. इतिहासही एका वाक्यात उरका: जपानचं पहिलं वेब पान १९९२ साली त्सुकुबातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आलं. एवढं पुरे.

उदाहरण मात्र त्यांच्या रोजच्या टायपिंगमधलं हवं. मी चॅटची एक साधी चौकट दाखवतो, एंटर दाबला की संदेश जातो. जपानीत आधी उच्चार टाइप करायचा, स्पेस दाबून कांजी (मूळ चिनी लिपीतलं अक्षर) निवडायची आणि एंटर दाबून ती पक्की करायची. त्यामुळे पहिल्याच एंटरला अर्धवट वाक्य निघून जातं. हा त्रास वर्गातल्या प्रत्येकाने कुठे ना कुठे सोसलेला असतो. मग कीडाउन इव्हेंटमध्ये, म्हणजे कळ दाबल्याची ब्राउझर जी सूचना देतो तीत, 'इज-कंपोझिंग' (अक्षर अजून जुळवणं चालू आहे का) तपासून तो दुरुस्त करायचा. सफारी ब्राउझरमध्ये या सूचनांचा क्रम वेगळा असल्याने तेवढ्याने भागत नाही, की-कोड (कळेचा क्रमांक) २२९ आहे का तेही पाहावं लागतं. हेही दाखवा, कारण ब्राउझर एकमेकांशी किती वेगळे वागतात हे पुस्तकापेक्षा इथे पटतं. वेळ उरला तर मी देवनागरी काढतो. 'क्षि' डोळ्यांना एक अक्षर दिसतं, ब्राउझरमधली भाषा जावास्क्रिप्ट त्याची लांबी ४ सांगते, कारण ती दिसणारी अक्षरं नाही, आत साठवलेले संकेत मोजते. मग योशिदा आडनावातल्या 'योशी'चं, वर मातीचं चिन्ह असलेलं रूप तपासायला सांगतो. कांजी एकच, लांबी २.

आता सगळ्यांत अवघड टप्पा: वर्गाला बोलतं करणं. मी सर्वांत जास्त झगडलो ते इथेच.

पुण्याच्या कॉलेजात 'काही शंका?' म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी तोंड उघडतोच. इथे तेच विचारलं की माना खाली जातात. मुलांना कळलं नाही किंवा रस नाही, असा त्याचा अर्थ काढू नका. माझ्या एकट्यासाठी सगळ्यांचा वेळ का घ्यावा, प्रश्न विषयाला सोडून तर नाही ना, इंग्रजी चुकलं तर काय, हे सगळं हात वर करण्याआधी मनात येऊन जातं. व्याख्यान संपल्यावर हीच मुलं एकेक करून टेबलापाशी येतात आणि अप्रतिम प्रश्न विचारतात. ते प्रश्न अख्ख्या वर्गाने ऐकायला हवे होते, म्हणून मला हा टप्पा इतका महत्त्वाचा वाटतो.

त्यावर उपाय म्हणून नाव घेऊन कुणाला उभं करू नका. ते मूल ओशाळतं आणि बाकीचे आपली पाळी येईल या धास्तीने ऐकणं सोडतात. विनोदांनीही काही होत नाही.

त्याऐवजी आधी लिहून घ्या. चॅटची चौकट बिघडलेली दाखवली की लगेच, दुरुस्तीच्या आधी, प्रत्येकाला कागदावर एक ओळ लिहायला सांगा: असं का झालं असेल? दोन मिनिटं द्या आणि तेवढा वेळ स्वतः गप्प राहा. मग शेजाऱ्याशी तीन मिनिटं चर्चा, तीही जपानीत. इथे इंग्रजीचा आग्रह धरणं म्हणजे उघडलेलं दार लावून घेणं. तुम्ही बाकांमधून फिरत कागद बघा आणि त्यातले चार-पाच नाव न घेता मोठ्याने वाचा. जपानी वाचता येत नसेल तर प्राध्यापकांना सोबत घ्या. चुकलेलं उत्तर वाचताना त्यातला विचार कुठवर बरोबर होता ते आधी सांगा. हे तासाच्या पहिल्या तिसऱ्या भागातच व्हायला हवं. शेवटाला ठेवलंत तर मुलं तोवर नुसतं ऐकण्याच्या तयारीने बसलेली असतात.

डुलक्या घेणाऱ्यांना उठवू नका. पुष्कळ मुलं रात्री अर्धवेळ काम करून आलेली असतात.

पाच मिनिटं आधी थांबा. अनेक विद्यापीठांत तासाच्या शेवटी मुलं 'रिअ‍ॅक्शन पेपर' लिहितात, म्हणजे व्याख्यानावरचा छोटा अभिप्राय; त्याला तेवढा वेळ लागतो. हे कागद प्राध्यापकांकडून मागून घ्या आणि त्यातल्या प्रश्नांची उत्तरं आठवड्याच्या आत लिहून पाठवा, म्हणजे पुढच्या तासाला ती वर्गात वाचून दाखवता येतात.